अमेरिकेत मतदानाच्या हक्कासाठी पुन्हापुन्हा का लढावे लागते?

प्रश्न

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीविषयी वाचताना एक शंका मनात घर करून राहिली आहे. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांना झोडपून काढले, मोर्चाचे पंचवीस वर्षांचे नेते जॉन लुईस यांच्या कवटीला तडा गेला, आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण १९६४ मध्ये ७ टक्क्यांच्याही आत होते, ते १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या घरात पोहोचले. मग आजही तेथील पुरोगामी संघटना दारोदार फिरून मतदारनोंदणी आणि सह्यांच्या मोहिमा का चालवतात?

उत्तर १

अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘प्रत्येक नागरिकास मतदानाचा हक्क आहे’ असे सरळ वाक्य कोठेच नाही. वंश, लिंग, मतदानासाठीचा कर किंवा अठरा वर्षांपुढील वय या कारणांवरून मत नाकारता येणार नाही, एवढेच वेगवेगळ्या घटनादुरुस्त्या सांगतात. नोंदणी कशी करायची, ओळखपत्र कोणते चालेल, मतदारसंघ कसे आखायचे, हे बहुतांशी राज्यांच्या हाती आहे. १९६५ च्या कायद्याचे खरे बळ पूर्वमंजुरीच्या तरतुदीत होते : भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. ही राज्ये ठरवण्याचे सूत्रच सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१३ रोजी, शेल्बी काउंटी खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले. भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखे हे आहे, असे न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी आपल्या भिन्नमतात लिहिले. त्याच दिवशी टेक्सासने आपला अडलेला ओळखपत्राचा कायदा लागू करण्याची घोषणा केली. त्या कायद्यानुसार बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालत असे, सरकारी विद्यापीठाचे विद्यार्थी ओळखपत्र मात्र चालत नसे. मला तर या एका उदाहरणातच सारे प्रकरण दिसते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. परंतु काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नवे सूत्र तयार करता येत नाही का?

उत्तर २

येते, आणि तसा प्रयत्नही झाला. जॉन लुईस यांच्या नावाचे विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये चर्चा संपवण्यासाठी लागणारी साठ मते जमली नाहीत. चळवळीने मात्र त्याआधीच राज्यांतील सार्वमताचा मार्गही धरला होता, आणि माझ्या मते अलीकडच्या काळातील तिचे सर्वांत मोलाचे काम तेथेच झाले आहे.

फ्लोरिडाचे पाहा. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचा मताधिकार तेथे शिक्षा भोगून झाल्यावरही आपोआप परत मिळत नसे, आणि अशा व्यक्तींची संख्या १४ लाखांच्या आसपास होती. स्वतः तुरुंगवास भोगून पुढे कायद्याची पदवी घेतलेले डेस्मंड मीड यांनी गावोगाव फिरून घटनादुरुस्तीसाठी सह्या जमवल्या. ‘गुन्हेगार’ हा शब्द टाळून ते ‘परतलेले नागरिक’ असे म्हणत. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून बाकीच्यांना मताधिकार देणारी ही दुरुस्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये ६४ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाली. त्याच दिवशी राज्याने रिपब्लिकन गव्हर्नर निवडला होता, म्हणजे दोन्ही पक्षांच्या मतदारांनी तिला हात दिला होता. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दंड आणि न्यायालयीन शुल्क पूर्ण भरल्याखेरीज मत देता येणार नाही असा कायदा केला. आपल्या नावावर नेमकी किती थकबाकी आहे हे सांगणारी एकत्रित नोंदच राज्याकडे नव्हती, त्यामुळे पैसे हातात असणारा माणूसही किती भरायचे हे विचारत कार्यालयांचे उंबरठे झिजवत राहिला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

उत्तर ३

मी फ्लोरिडात राहतो, म्हणून थोडी भर घालतो. नागरिकत्वाची शपथ घेऊन सभागृहाबाहेर आलो तेव्हा मतदारनोंदणीचे एक टेबल मांडलेले होते. तेथील वयस्कर बाईंनी माझा अर्ज निरखून पाहिला आणि सही पुन्हा, वाहन परवान्यावर आहे अगदी तशीच करायला लावली, कारण टपालाने पाठवलेले मत सहीच्या जुळणीवर स्वीकारले किंवा अडवले जाते. आता मीही अशा टेबलावर बसतो. २०२३ च्या कायद्याने भरलेले अर्ज पोहोचवण्याची संस्थांची मुदत चौदा दिवसांवरून दहावर आणली आणि वार्षिक दंडाची कमाल मर्यादा ५० हजारांवरून अडीच लाख डॉलरवर नेली. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या लहान संस्थेला एवढी जोखीम पेलत नाही. म्हणून आम्ही अर्ज घरी नेत नाही : अर्जदारासमोर प्रत्येक रकाना तपासतो, पावती देतो आणि त्याच संध्याकाळी गठ्ठा मोजून दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयात जमा करतो.