वाकळेच्या नक्षीला नाव असतं का?

प्रश्न : अमेरिकेतल्या जुन्या गोधड्यांच्या नक्षींना घरातल्या वस्तूंची नावं आहेत. 'चर्न डॅश' म्हणजे लोणी काढायची रवी, 'ड्रेस्डेन प्लेट' म्हणजे ताटली, 'बास्केट' म्हणजे टोपली. आपल्या वाकळेत असं काही आहे का? कोल्हापूरकडच्या मंडळींनी सांगावं.

उत्तर : आधी रवीचं बघू. आपली रवी दोरीनं घुमते. तिकडं दांड्याच्या बुडाला लाकडी फुली असते आणि दांडा उभ्या भांड्यात वरखाली करायचा. नक्षीत मधे चौकोन, चार बाजूंना पट्ट्या, कोपऱ्यांत त्रिकोण. म्हणजे ती फुली खालून बघितल्यासारखी. गंमत अशी, की याच नक्षीला कुणी 'मंकी रेंच' म्हणजे पाना म्हणतं, तर कुणी 'होल इन द बार्न डोअर', कोठाराच्या दाराचं भोक! ज्याच्या हाताखाली जे, ते नाव. पुढं १९२८ पासून 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्रानं असे नमुने नावासकट छापले, त्यामुळं नावं गावोगावी गेली.

वाकळेचं तसं नाही. जुनं लुगडं, धोतर अंथरायचं, त्यावर तुकडे मांडायचे आणि कडेनं धावदोरा घालत, चौकटीत चौकट करत मधे यायचं. तुकडा मिळेल तसा बसतो. तीच नक्षी परत होत नाही, मग नाव कशाला पडेल? इरकलीचा काठ दिसला की 'आज्जीच्या लुगड्याची वाकळ', एवढी ओळख पुरते. नावं पडली ती थरांवरून : दोन पटांचं दुपटं, चार घड्यांची चौघडी.

घरातल्या-रानातल्या वस्तूंची नावं ऐकायची तर गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनारांच्या पेठेत जावा. बोरमाळ, चिंचपेटी, जोंधळी पोत. सोनाराला सांगायला नाव लागतंच. वाकळ सोप्यात बसून शिवायची, तिची मागणी कुणाकडं नोंदवणार?

आणखी एक : पटलं, पण टाक्यांना नावं आहेत की ओ! गहू टाका, साखळी टाका, काज टाका. इरकलीवरच्या कसुती भरतकामात तर 'मेंथी' टाका आहे, कानडीतली मेथी.

उत्तर : टाका दुसरीला शिकवावा लागतो, म्हणून. मागणीचं म्हणाल तर आता वाकळाही ऑर्डरवर शिवून मिळतात. पण गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवून 'सेम अशीच पायजे' म्हणतं, त्यामुळं नाव पडायचं राहूनच गेलं.