राजमाचीला व्हीलचेअर: चार माणसं पुरतील का?

सह्यवेडा: धाकट्या भावाला कमरेखाली संवेदना नाही. पाऊस ओसरला की लोणावळ्याकडून राजमाची किल्ल्याला न्यायचंय. एकचाकी जॉएलेट खुर्ची मिळतेय. चौघं पुरतील?

घाटवाट: सपाटीला दोघंही चालवतात, पण दमल्यावर बदलीला कोण? सहा तरी घ्या. पुढचा ओढतो, वाट निवडतो. मागचा तोल आणि ब्रेक सांभाळतो; त्याला समोरचं धड दिसत नाही, म्हणून "डावीकडे दगड" हे पुढच्याने ओरडायचंच. चढाला पुढून दोरी, आणखी दोघं. आणि हुकूम एकाचाच! (ट्रेकला सगळेच पुढारी असतात.)

सह्यवेडा: भाऊ म्हणतो, "मी काय पोतं आहे?"

घाटवाट: बरोबर बोलतोय. "थांबा" त्याने म्हटलं की सगळे जागच्या जागी. शिवाय बसून बूड दुखलं तरी त्याला कळणार नाही. दर थांब्याला उचलून भार हलवा, पँटची चुणी, खिशातली किल्ली बघा. तेवढ्यानेही जखम होते, आणि ती कधीकधी महिनोन्‌महिने भरत नाही.

रानफूल: ही खुर्ची १९८७ मध्ये फ्रान्समधल्या जोएल क्लॉदेल या डोंगर-वाटाड्याने घरातल्याच आजारी मुलासाठी बनवली. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत जेवणाचं आधी सांगून ठेवा.