‘फेसिंग’ला काय म्हणावं: दिशा, तोंड, रोख की मोहरा?

प्रश्न

साइड-स्क्रोलर, म्हणजे पडद्यावर आडवा सरकणारा गेम कसा बनवायचा यावर मराठीत धडे लिहितोय. ‘फेसिंग डायरेक्शन’पाशी गाडी अडली आहे. पात्र उजवीकडे बघतंय की डावीकडे, गोष्ट एवढीच. सध्या नुसतं ‘दिशा’ लिहिलंय, पण पुढच्याच परिच्छेदात ‘वेगाची दिशा’ येते आणि वाचणारा विचारतो, यातली कोणती? ‘अभिमुखता’ परिपत्रकातून उचलल्यासारखं वाटतं. आणि ‘फ्लिप करणे’ला, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं करण्याला, ‘उलटवणे’ चालेल का?

प्रतिसाद १

गेम बनवणारे आपापसात ‘फेसिंग’ आणि ‘फ्लिप’च म्हणतात. ‘स्प्राइट (म्हणजे पात्राचं चित्र) फ्लिप होत नाहीये’ यापलीकडे मी काही ऐकलेलं नाही. तसंच ठेवा, सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद २

ज्यांना आधीच येतं त्यांना कळतं. धडे नवख्यांसाठी आहेत ना?

आणि ‘दिशा’ने जो घोळ होतोय तो नुसता भाषेतला नाही, कोडमध्येही अगदी तोच घोळ होतो. पात्र जातंय कुठे आणि बघतंय कुठे या दोन गोष्टी एकाच ‘दिशा’ नावाच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) कोंबल्या की पुढे रडारड ठरलेली. शत्रूचा फटका बसून पात्र मागे फेकलं जातं तेव्हा वेग डावीकडे असतो, पण तोंड शत्रूकडेच, म्हणजे उजवीकडे राहायला हवं. तोंड वेगावरून ठरवलं असेल तर फटका बसताक्षणी गडी गर्रकन वळतो आणि शत्रूला पाठ दाखवतो. बर्फावरून घसरताना, सरकत्या पट्ट्यावर उभं असताना हेच. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये उडी मारल्यावर हवेत उलट बटण दाबलं तर मारिओ मागे सरकतो, पण तोंड वळवत नाही. तोंड फक्त जमिनीवर वळतं. म्हणजे तिथेही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत.

दुसरी गंमत शून्याची. नवशिके वेगाचं चिन्ह (अधिक की उणे) काढतात आणि त्यानुसार चित्राची आडवी पट (स्केल) उणे एक किंवा अधिक एक करतात. पात्र थांबलं की वेग शून्य. गोडो आणि गेममेकर या गेम बनवायच्या इंजिनांमध्ये शून्याचं चिन्ह शून्यच येतं, त्यामुळे पट शून्य होते आणि पात्राची रुंदीच नाहीशी! युनिटी या इंजिनाचं चिन्ह काढणारं फंक्शन ‘मॅथएफ.साइन’ शून्याला अधिक एक देतं, म्हणून तिथे डावीकडे धावणारं पात्र थांबलं रे थांबलं की उजवीकडे तोंड करतं. उपाय दोन्हीकडे सारखाच: बटण दाबलेलं असेल तेव्हाच तोंड बदलायचं, नाहीतर आधीचं जपायचं. ‘दिशा’ शून्य होऊ शकते, ‘तोंड’ शून्य होऊ शकत नाही. उभ्या माणसालाही कुठेतरी तोंड असतंच. म्हणून माझं मत सरळ ‘तोंड’.

प्रतिसाद ३

‘तोंड’ला माझाही दुजोरा. ‘पूर्वेकडे तोंड करून बसला’ हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मात्र ‘चेहरा’ नको. ‘चेहरा उजवीकडे आहे’ म्हटलं की धड समोर आणि मान वळलेली असं डोळ्यापुढे येतं.

‘रोख’ सुंदर शब्द आहे, पण तो नेम धरण्यासाठी राखून ठेवा. बंदुकीचा रोख, बोलण्याचा रोख. काही गेममध्ये पात्र उजवीकडे तोंड करून वर किंवा तिरपी गोळी झाडतं. तिथे तोंड उजवीकडे आणि रोख वर, असे दोन्ही शब्द एकाच वाक्यात लागतील.

‘मोहरा वळवणे’ तर जवळजवळ या प्रसंगासाठीच घडवल्यासारखा वाटतो. ‘मग त्याने आपला मोहरा माझ्याकडे वळवला.’ यात तोंड फिरवणं आहे आणि आता हल्ला येणार हेही आहे. शत्रूच्या वागणुकीचा धडा लिहाल तेव्हा वापरा: पहारेकरी फेऱ्या घालतो, खेळाडू दिसला की मोहरा वळवतो. नायकासाठी दर वेळी वापरलात तर मात्र भारदस्त होईल.

प्रतिसाद ४

‘उलटवणे’ला माझा ठाम विरोध. ‘चित्र उलटं करा’ ऐकून दहातले निम्मे लोक पात्राचे पाय वर करतील. ‘पालथा’, ‘उपडा’ हे तर उभ्या फ्लिपचेच भाऊबंद. आडव्या फ्लिपला ‘पालटणे’ घ्या, हवं तर ‘डावं-उजवं पालटणे’. कूस पालटतो तेव्हा माणूस पालथा होत नाही, या कुशीवरून त्या कुशीवर जातो. अगदी तेच हवंय.

यंत्रालाही हे दोन प्रकार वेगवेगळे ठाऊक असतात. १९८३ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रात प्रत्येक स्प्राइटची नोंद चार बाइटची असे, आणि त्यातल्या एका बाइटमध्ये आडव्या पालटासाठी एक बिट, उभ्यासाठी दुसरा. चित्र एकाच बाजूचं साठवायचं, दुसरी बाजू बिट चढवून मिळवायची. जागेची चणचण होती, त्यामुळे ही चैन नव्हे, गरज होती. पात्र मात्र अनेक छोट्या तुकड्यांचं बनलेलं असे. प्रत्येक तुकडा जागच्या जागी पालटून भागत नाही, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे असं ठाणंही बदलावं लागतं. नाहीतर नाक पाठीमागे.

यातच ‘वळणे’ आणि ‘पालटणे’ यांतला फरक दिसतो. पडद्यावर उजवीकडे तोंड केलेल्या पात्राचा उजवा हात आपल्या बाजूला असतो. ते खरोखर वळलं तर आपल्या बाजूला डावा हात यायला हवा आणि उजव्या हातातली तलवार पलीकडे जायला हवी. पालटलेल्या चित्रात तलवार अलीकडेच राहते, म्हणजे पात्र क्षणात डावरं होतं. ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या गेममधल्या सगाट या लढवय्याच्या डोळ्यावरची पट्टी अशीच या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जाते. १९९७ च्या ‘स्ट्रीट फायटर थ्री’मध्ये गिल या पात्राचं अर्धं अंग लाल, अर्धं निळं. त्याच्यासाठी दोन्ही बाजूंची चित्रं वेगळी काढली, म्हणून त्याचे रंग जागा सोडत नाहीत. तो वळतो, सगाट पालटतो.

प्रश्नकर्ता

हे भारी आहे. मग असं लिहिलं तर? ‘बटण दाबल्यावर पात्राचं तोंड वळवा आणि त्याप्रमाणे चित्र पालटा.’

प्रतिसाद २

झकास. याचा पुढेही फायदा होईल. युनिटीत ‘फ्लिप एक्स’ची खूण केली की फक्त चित्र पालटतं. बंदुकीच्या नळीचं टोक, फटक्याचा चौकोन (हिटबॉक्स) हे सगळं जुन्याच बाजूला राहतं आणि गोळी पाठीतून निघते. तेच आडवी पट उणे एक केली तर पात्राला जोडलेलं सगळं वळतं, पण डोक्यावर खेळाडूचं नाव लिहिलेलं असेल तर तेही आरशातल्यासारखं दिसतं. पहिल्याला ‘चित्र पालटणे’ आणि दुसऱ्याला ‘पात्र वळवणे’ म्हणा, अर्धं स्पष्टीकरण वाचेल. गोडोत उणे पट थेट पात्राच्या मुख्य नोडला (नोड म्हणजे पात्र ज्यांनी बनतं तो घटक) देऊ नका. ते इंजिन आडवी उणे पट लक्षात ठेवत नाही, तिचं अर्ध्या फेऱ्याचं वळण आणि उभी उणे पट असं रूपांतर करतं. चित्र आणि फटक्याचे चौकोन एका आतल्या नोडखाली ठेवून तो वळवावा.

प्रतिसाद ५

मध्येच विचारतो. डावं-उजवं कुणाचं? पात्राचं की बघणाऱ्याचं?

प्रतिसाद ३

पडद्याचं. धड्याच्या सुरुवातीला एकदा सांगून टाकायचं. पात्राचं डावं-उजवं या धड्यात फक्त हातांपुरतं, वरच्या तलवारीसारखं. बाकी पात्राच्या बाजूने बोलायचं असेल तेव्हा ‘पुढे’ आणि ‘मागे’ म्हणावं. ‘पाठमोरा’ही टाळा. तो आपल्याकडे पाठ केलेला असतो, आडव्या गेममध्ये तसं कुणी क्वचितच उभं असतं.

प्रतिसाद ४

‘मागे’ जपून वापरा. ‘मागे जा’मध्ये दोन अर्थ आहेत. मराठीत त्यांना वेगळे शब्द तयार आहेत: ‘मागे सरणे’ म्हणजे तोंड तिकडेच ठेवून पाऊल मागे, ‘माघारी वळणे’ म्हणजे तोंड फिरवून परत. मारामारीच्या गेममध्ये पहिलंच लागतं. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’त दोघांची तोंडं आपोआप एकमेकांकडे राहतात आणि फटका अडवायला मागची कळ दाबून धरायची असते. प्रतिस्पर्धी डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला की कालची ‘मागे’ आजची ‘पुढे’ होते, आणि आगीचा गोळा फेकण्याची ‘खाली, खाली-पुढे, पुढे’ ही ओळही पडद्यावर डावी-उजवी पालटते. ‘उजवीकडे’ असं लिहिलं तर ती कृती निम्म्या वेळा चुकेल.

प्रतिसाद ५

मारिओतल्या भुतांना विसरू नका. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’पासून आलेली ती ‘बू’ भुतं. त्यांच्याकडे तोंड केलं की ती हातांनी तोंड झाकून जागीच थांबतात, पाठ केली की पाठलाग. तिथे चालणं बाजूलाच, तोंड कुठे आहे हाच सगळा खेळ.

प्रश्नकर्ता

हे उदाहरण धड्यात घेतोच. मग ‘तोंड’, ‘वळणे’, ‘पालटणे’, ‘मागे सरणे’ आणि नेम धरण्यासाठी ‘रोख’. चलाचं नाव ‘तोंड’ ठेवलं तर लोक हसतील का?

प्रतिसाद १

हसतील. पण ‘तोंड = −१’ म्हणजे काय, ते लक्षात राहील. धड्यात पहिल्यांदा येईल तिथे ‘फेसिंग’ही लिहा म्हणजे झालं, कारण बाहेरच्या सगळ्या व्हिडिओंत त्यांना तोच शब्द ऐकायचा आहे.