२०० डीएमएच्या खाली म्हणजे 'सूट'? कशावर सूट?

तर्कटराव

कालच्या चर्चेत चार्टवाला चिपळूणकर यांनी ठोकून दिलं: "कंपनी चांगली, आरओसीई (धंद्यात गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा) वीस टक्क्यांच्या वर, कर्ज शून्य आणि शेअर २०० डीएमएच्या १५ टक्के खाली. म्हणजे १५ टक्के सूट. डोळे झाकून घ्या." खाली पन्नास जणांनी अंगठे दाखवले. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

२०० डीएमए म्हणजे गेल्या दोनशे सत्रांत लोकांनी दिलेल्या भावाची सरासरी. त्या दहा महिन्यांत सगळ्यांनी मिळून खुळ्यासारखा भाव दिला असेल, तर सरासरीही खुळीच निघणार. एशियन पेंट्स घ्या. जानेवारी २०२२ मध्ये ३,५०० च्या वर, पी/ई (भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट) शंभरीच्या घरात. पुढची तीन वर्षं तो कितीदा तरी सरासरीच्या खाली आला, आणि दर वेळी कोणीतरी 'सूट' म्हणून घेतला. २०२५ च्या सुरुवातीला भाव २,२००-२,३०० होता. आता सांगा, शंभर पी/ईवर १५ टक्के सूट म्हणजे किती? पंच्याऐंशी. ती स्वस्ताई?

जुनं हवं असेल तर हिंदुस्तान लिव्हर (आजची हिंदुस्तान युनिलिव्हर). २००० ते २०१० शेअर जागचा हलला नाही. कंपनी बुडाली नव्हती की नफा आटला नव्हता. २००० साली दिलेला भाव जास्त होता, एवढंच.

मी आधी बघतो ते असं. दहा वर्षांत कागदावरचा नफा आणि धंद्यातून आलेली रोकड हातात हात घालून चालतात का? येणी विक्रीपेक्षा वेगाने फुगतायत का? त्याच कंपनीचा स्वतःचा पी/ई कुठून कुठे फिरलाय? एवढं झाल्यावर चार्ट उघडायचा असेल तर खुशाल उघडा.

चार्टवाला चिपळूणकर

वा! माझं अर्धं वाक्य उचललंत आणि त्यावर कीर्तन मांडलंत. 'चांगली कंपनी' हे मी आधी लिहिलंय, १५ टक्के नंतर. वाचता येतं ना?

आणि तुमचे ते पवित्र फंडामेंटल्स सत्यम कॉम्प्युटर्सच्या ताळेबंदातही होतेच की. नफा, मार्जिन, बँकेत ढीगभर पैसा. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्रात लिहून दिलं की रोकड आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. शेअर त्या एका दिवसात ७० टक्क्यांहून जास्त पडला. तुमचं दहा वर्षांचं कोष्टक तेव्हा काय करत होतं?

येस बँक घ्या. २०१७-१८ चा नफा ४,२०० कोटींच्या वर, सगळे खूश. भाव मात्र ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० वरून घसरायला लागला, आणि सप्टेंबरमध्ये २०० दिवसांची रेषा तुटली. रेषेला मान देणारे बाहेर पडले. ताळेबंद वाचणारे ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागेपर्यंत 'बुक व्हॅल्यूच्या (ताळेबंदातल्या प्रति शेअर मूल्याच्या) खाली मिळतोय' म्हणत बसले. आकडे लिहिणारा खोटं लिहू शकतो, भाव नाही.

तर्कटराव

चिपळूणकर, पूर्ण सांगा ना गोष्ट. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच बँकेने जाहीर केलं होतं की रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाने थकीत कर्जं ६,३५५ कोटींनी जास्त आहेत. वाचणाऱ्याला ते पुरेसं होतं. त्यानंतरही तुमचा सत्यवचनी भाव ४०० वर गेलाच.

आणि एप्रिल २०१९? शेअर पुन्हा २७० च्या आसपास, सरासरीच्या वर डोकावत होता. तुमच्या नियमाने 'कल सुधारला, आत या'. २६ एप्रिलला तिमाहीत दीड हजार कोटींचा तोटा जाहीर झाला. ३० तारखेला शेअर एका दिवसात २९ टक्के खाली. त्या दिवशी तुमची रेषा कुठे होती?

पॅटर्न पाटील

दोघांनाही एक विचारतो. तुम्ही रेषा काढता त्या आकड्यांवर तरी भरवसा आहे का? माझ्या एक्सेलमध्ये २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्स निम्म्यावर! 'सरासरीपेक्षा ५० टक्के खाली, महासेल' असा लाल रंग पेटला. एकास एक बोनस होता (एका शेअरवर एक फुकट, म्हणून भाव निम्मा) आणि जुने भाव त्याप्रमाणे समायोजित केले नव्हते. डीमर्जरमध्ये (कंपनीचा एक भाग वेगळा काढतात तेव्हा) तर आणखी गोंधळ.

पी/ईचंही तेच. एप्रिल २०२१ च्या आधी एनएसई निफ्टीचा पी/ई स्वतंत्र निकालांवर (उपकंपन्या सोडून) काढत होती. एकत्रित निकालांवर (उपकंपन्या धरून) काढायला लागली आणि चाळिसाचा पी/ई रातोरात तेहतिसावर आला. बाजार तसूभरही स्वस्त झाला नव्हता. पण आजही लोक २००८ पासूनचा सलग आलेख चिकटवून 'बघा, सरासरीपेक्षा स्वस्त' म्हणतात. ही माझी जुनी खाज आहे, बोलल्याशिवाय राहवत नाही.

निवृत्त नारायण

तुम्ही मुलं फार शिकलात बुवा. आमच्या तीर्थरूपांनी १९८० च्या दशकात एका औषध कंपनीचे शेअर घेतले, ट्रंकेत टाकले आणि विसरले. ना डीएमए, ना आरओसीई. बोनसवर बोनस मिळत गेले. धाकट्याचं पुण्याचं घर त्यातूनच झालं. शेअर घ्यावा आणि विसरावा, यापलीकडे शास्त्र नाही.

चाफेकळी

काका, नमस्कार करून सांगते, त्याच ट्रंकेत आणखी कोणते शेअर होते तेही सांगा. माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेत सोळा कंपन्या निघाल्या. त्यातल्या अकरा आज कुठे आहेत ते त्यांच्या संचालकांनाही माहीत नसावं. घर झालं की ती गोष्ट लग्नात सांगतात, अकरा रद्दी निघाल्या की कोणी सांगत नाही.

आणि 'विसरावा' हा सल्ला तर कृपा करून देऊ नका. उरलेल्या पाचातल्या एका कंपनीचा लाभांश सासऱ्यांनी पत्ता बदलल्यापासून घेतलेलाच नव्हता. सलग सात वर्षं लाभांश पडून राहिला की शेअरही आयईपीएफकडे (सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे) जातात. गेले! मग फॉर्म आयईपीएफ-५, कंपनीची पडताळणी, नोटरी. कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचं (नाव घेत नाही) दर वेळी नवीन पत्र. आधी सही जुळत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची सही ऐंशीच्या माणसाची जुळेल कशी? मग पॅनवर 'विनायकराव', सर्टिफिकेटवर 'विनायक'. मग पहिलं पत्र कालबाह्य झालं, पुन्हा पाठवा.

सांगलीकर

ताई, अगदी! आमच्याकडे तर आजोबा, आजी आणि एक आतेकाका अशी तीन नावं, त्यातली दोन दिवंगत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर हस्तांतरित होत नाहीत म्हणून दलालाने हात वर केले. वारसाहक्काने नावावर करता येतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. एका एजंटाने निम्मी रक्कम मागितली. निम्मी!

चाफेकळी

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. कागदी शेअरचं मूल्य ५ लाखांपर्यंत असेल तर २०२२ पासून कोर्टाच्या वारसा प्रमाणपत्राशिवाय, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांच्या ना हरकतीवर काम होतं. डीमॅटला हीच मर्यादा १५ लाख. मृत्यू दाखल्याच्या साक्षांकित प्रती जरा जास्तच काढून ठेवा. मधल्या नावाचा घोळ असेल तर 'एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, त्यांनी मागायची वाट बघू नका.

चार्टवाला चिपळूणकर

धागा मूल्यमापनाचा होता. आता तहसील कचेरी झालीय.

निवृत्त नारायण

चिपळूणकर, आमचं वय झालं की तुमच्या रेषांपेक्षा हेच कामाला येतं. आणि चाफेकळीताई, बाकीचेही होते हो. एक कापड गिरणी होती. एक कसली तरी फायनान्स कंपनी. विषय वाढवू नका.

तर्कटराव

मुद्द्यावर येऊ. चिपळूणकर, २०२० चं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत याचं आश्चर्य वाटतं, कारण तेच तुमच्या बाजूचं सगळ्यात चांगलं आहे. फेब्रुवारीअखेर निफ्टी २०० डीएमएखाली गेला तेव्हा साडेअकरा हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला बंद ७,६१०. जुलैत पुन्हा रेषेच्या वर आला तेव्हा पावणेअकरा-अकरा हजार. रेषेवर चालणारा थोडा फायद्यात राहिला, आणि मधल्या महिन्यांत त्याला झोप लागली. हे मान्य. फुकटात मात्र झालं नाही. वर्षाच्या आत विकलं असेल तर तेव्हा १५ टक्के कर, जुलै २०२४ पासून २० टक्के. आडव्या बाजारात हीच रेषा वर्षातून चारदा आत-बाहेर करायला लावते तो खर्च वेगळा.

पण बघा, इथे रेषेने 'बाहेर पड' म्हटलं. 'स्वस्त झालं, घे' म्हटलं नाही. तुम्ही काल नेमकं उलटं सांगितलंत. रेषेखाली गेलेला शेअर कल मानणारा विकतो, आणि मूल्य मानणारा रेषेकडे बघतच नाही. रेषेखाली आहे म्हणून घेणारा या दोघांपैकी कोण?

चार्टवाला चिपळूणकर

म्हणजे येस बँकेत मी म्हणालो 'रेषा तुटली, बाहेर पडा' आणि काल म्हणालो 'रेषेखाली आहे, घ्या', यात विसंगती दिसली तुम्हाला. अभिनंदन, पीएचडी घ्या. मी चांगल्या कंपनीबद्दल बोलत होतो.

पॅटर्न पाटील

येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये चांगली कंपनीच होती ना तुमच्या स्क्रीनरवर?

चार्टवाला चिपळूणकर

बँकांना आरओसीई लावत नाहीत, एवढं तरी शिका. आणि तर्कटराव, तुमचा तो स्वतःचा पी/ई टाटा स्टीलला लावून दाखवा. २०२१-२२ मध्ये नफा ४१,००० कोटींच्या वर, पी/ई चार-पाच, 'ऐतिहासिक स्वस्त'. पुढच्या वर्षी नफा ८,००० कोटींवर. तिथे तुमच्या कोष्टकाने काय सांगितलं असतं?

तर्कटराव

पोलादात पी/ई बघायचाच नसतो. तिथे दहा वर्षांचा सरासरी नफा घ्यायचा.

चार्टवाला चिपळूणकर

सरासरी! अखेर तुम्हालाही सरासरीच लागली. चालू द्या.

तर्कटराव

नफ्याची, भावाची नव्हे. हा फरक कळण्यासाठी आणखी एक धागा काढावा लागणार असेल तर तो तुम्ही काढा, मी येतो.

सांगलीकर

चाफेकळीताई, ते ना हरकत पत्र आत्याच्या मुलांकडूनही लागेल का? धाकटा कॅनडात आहे आणि २०१६ पासून आमचं बोलणं नाही.

चाफेकळी

आतेकाका पण गेलेत का? त्यांचं नाव सर्टिफिकेटवर कितवं आहे ते आधी बघा. संयुक्त नावं असतील आणि त्यातलं एक माणूस हयात असेल तर शेअर त्याच्याच नावावर होतात, बाकीच्या वारसांची सही लागत नाही. सर्टिफिकेटचा फोटो इथे टाकू नका, फक्त नावांचा क्रम लिहा.