आठ जण, दोन पट्टीचे, चार कोरी पाटी: बर्फात ‘सगळं धरून’ पॅकेज घ्यावं का?

फोंडेकार (धागाकर्ता)
फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली आमची आठ जणांची टोळी. पास होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कीइंगला जायचं ठरलंय. एक म्युनिकला असतो, थंडीत दर शनिवारी डोंगरावर. एकीने उत्तराखंडातल्या औलीचा १४ दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केलाय. चौघांनी बर्फ आजवर फक्त मासळीच्या पेटीत पाहिला. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आणि आठव्याने आत्ताच जाहीर केलंय की तो बारमध्ये बसणार.

माझं मत: अशा खिचडी ग्रुपने ऑल-इन्क्लुझिव्हच घ्यावं. क्लब मेड या कंपनीच्या आल्प्समधल्या किंवा जपानच्या होक्काइदोतल्या रिसॉर्टमध्ये राहणं, तिन्ही वेळचं खाणं, बार, लिफ्ट पास (डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट) आणि लेव्हलप्रमाणे ग्रुप क्लास एकाच पैशात येतात. मागच्या मनालीच्या सहलीत ‘कोण किती प्यालं’ यावरून दोघं चार महिने बोलत नव्हते. ते मला पुन्हा नकोय. शिवाय गुडघेवालीचा विचार करायचा तर स्पा, पूल असलेलं ठिकाणच बरं.

म्हापशेचा हिशेबी
फोंडेकार, भांडण मिटवायला एवढे पैसे? त्यापेक्षा दोघांना वेगळ्या खोल्या द्या.
मुद्द्याचं बोलतो. जो बारमध्ये बसणार त्याच्या माथी लिफ्ट पास कशाला? म्युनिकवाल्याला क्लास नकोत. गुडघेवाली दिवसाला दोन तास उतरली तरी खूप. म्हणजे आठांतल्या पाचांनाच त्या पैशाचा खरा मोबदला. आणि ‘सगळं धरून’ म्हणतात त्यात स्की, बूट, हेल्मेटचं भाडं बहुतेक ठिकाणी नसतंच. ते वर वेगळं.
जॉर्जियातलं गुदाउरी बघा. तिबिलिसीपासून १२० किमी. उतार साधारण २,००० मीटरपासून ३,२०० च्या वर जातात. नाश्ता-जेवणासकट हॉटेल, लिफ्ट पास आणि मास्तर ज्याला हवा त्याने घ्यायचा. आल्प्सच्या मानाने सगळंच स्वस्त.

पणजीची ताई
हिशेबीभाऊ, ‘मास्तर ज्याला हवा त्याने घ्यायचा’ इथेच सगळं बिघडतं. नवऱ्याच्या मित्रांबरोबर मी अशीच गेले होते. मास्तराचे पैसे वाचवायचे म्हणून एकजण म्हणाला, ‘मी शिकवतो गो, सोपं आहे.’ पहिल्याच दिवशी अकरा वाजता मला खुर्चीच्या लिफ्टने वर नेलं. वरून खाली बघितलं तर उतार कसला, विहिरीचा काठ! तो ‘स्कीची टोकं जवळ आण, पिझ्झा कर’ असं ओरडत राहिला, माझी टोकं एकमेकांवर चढत राहिली. भाड्याचे बूट एक नंबर मोठे होते, त्यामुळे पाय आत पुढे-मागे सरकायचा आणि नडगी कडेवर घासायची. शेवटी स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि बसून घसरत खाली आले. दोन तास लागले. दुसऱ्या दिवसापासून मी खोलीत आणि तो शिकवणारा मित्र माझ्या रागात.
नवशिक्याचे पहिले दोन दिवस बर्फावरून वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर आणि मास्तरापुढेच जायला हवेत. क्लास आधीच भरलेला असला की कोणी ‘माझं मी बघतो’ म्हणत नाही. ऑल-इन्क्लुझिव्हची खरी किंमत त्यात आहे, बारमध्ये नाही.
आणखी एक. हॉटेलचे फोटो सोडा, उतारांचा नकाशा उघडा. फ्रान्समध्ये हिरवा सगळ्यांत सोपा, मग निळा, लाल, काळा. नवशिक्यांचा पट्टा आणि म्युनिकवाल्याचा काळा उतार एकाच पायथ्याशी येतात का, तेवढं तपासा. येत असतील तर दुपारी एका टेबलावर जेवाल. नाहीतर एक दक्षिणेत कोलव्याला, एक उत्तरेत वागातोरला आणि याला म्हणायची ग्रुपची सहल.

डिचोलीचा बाबलो
एवढी चर्चा झाली, गुलमर्गचं नाव कुणी घेतलं नाही. मोपा विमानतळावरून दिल्लीमार्गे श्रीनगर, तिथून गाडीने ५० किमी. व्हिसा नाही, युरोपच्या शेंगेन व्हिसाची ९० युरो फी नाही. शिकायचा उतार हॉटेलांच्या समोरच. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या वर. असा लिफ्टचा डोंगर जगात किती ठिकाणी आहे? आणि वाजवान, म्हणजे काश्मिरी मेजवानी. तुमच्या त्या चीजपेक्षा शंभर पटीने बरं.

केप्याची बाय
बाबल्या, गुलमर्ग मलाही प्रिय आहे, दोनदा जाऊन आले. पण या ग्रुपसाठी नको. तिथे खाली बाळांचा उतार आणि वर रानटी डोंगर. मधली पायरी तोकडी. चौथ्या दिवशी ज्याचे पाय सुटतात त्याला तीच पायरी लागते. दुसऱ्या टप्प्यावरून उतरणं म्हणजे दाबून सपाट न केलेला बर्फ. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. म्युनिकवाला एकटा वर जायला निघाला तर त्याला थांबवणार कोण?
बर्फाचाही आता भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग तपकिरी होतं. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

डिचोलीचा बाबलो
बर्फ आल्प्समध्येही कमी झालाय गो.

केप्याची बाय
झालाय. म्हणूनच उंचावरचं बघायचं. फ्रान्समधलं वाल तोरांस गावच २,३०० मीटरवर आहे, हंगाम मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. पण तुझ्या बाजूचा एक मुद्दा देते: गुलमर्गची हॉटेलं त्याहूनही उंच, २,६५० च्या आसपास. कुठेही गेलात तरी समुद्रकाठच्या माणसांनी पहिल्या रात्री बारपासून लांब राहावं. उंचीने डोकं धरतं. हे आठव्याला आधीच सांगा.

म्हापशेचा हिशेबी
मग त्याचं ऑल-इन्क्लुझिव्ह पहिल्याच दिवशी वाया!

कळंगुटचा शॅकवाला
फेब्रुवारी-मार्च म्हणे. तुमच्या आठांत हॉटेल-शॅकवाला कोणी नाही वाटतं. आमचा हंगाम भरात असताना आम्ही कुठे जाणार? मे संपताना किनाऱ्यावरचा शॅक उतरवला की आम्ही मोकळे, तेव्हा बर्फ चिलीत आणि न्यूझीलंडमध्ये. चिलीच्या वाये नेवादोत खोली, नाश्ता, रात्रीचं जेवण आणि लिफ्ट पास एकत्र मिळतो. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनला मात्र राहायचं गावात आणि रोज गाडीने डोंगरावर, तिथे ‘सगळं धरून’ विसरा. विमानाच्या तिकिटाचं विचारू नका.

पणजीची ताई
विम्याचं कुणी बोललंच नाही. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचा विमा लागतो, पण त्यात स्कीइंग असेलच असं नाही. उतारावरून स्लेजने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय का, ते कागदावर वाचा. एजंट ‘हो हो, सगळं आहे’ म्हणतो. पॅकेजमध्येही हे धरलेलं समजू नका.

फोंडेकार (धागाकर्ता)
हिशेबीबाबांचं स्की-बुटांचं भाडं आणि ताईंचा विमा, दोन्ही मी धरलं नव्हतं, कबूल. गुदाउरीवर मात्र शंका आहे. उतार जवळपास सगळे झाडांच्या वरचे, धुकं आलं की पुढचा माणूस दिसत नाही. चार कोऱ्या पाट्यांचं तिथे काय करू? आमच्यातल्या एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्याला शेंगेनची रांग नाही, त्यामुळे तो रोज ‘आल्प्स, आल्प्स’ करतोय. त्याचं मत मी अर्धंच मोजतो.

साखळीचा नवखा
आधी दुबई का नाही? तिथल्या मॉलमधला स्की दुबई २००५ पासून आहे, सगळ्यांत लांब उतार ४०० मीटर, आत उणे एक-दोन अंश. चौघांना दोन दिवस तिथे घाला. ज्याला बूट घातल्यावर रडू येईल तो आठव्याबरोबर बारमध्ये.

गुडघेवाली
नमस्कार. मी तीच. फोंडेकाराने लिंक पाठवली, बहुतेक शेवटपर्यंत वाचणार नाही असं वाटून. अरे, मला न विचारता स्पा आणि पूल कुणी ठरवला? ऑपरेशनला दोन वर्षं झाली, फिजिओने सोप्या उतारावर मास्तराबरोबर उतरायला हरकत नाही म्हटलंय. मला सकाळचे दोन तास हिरवा उतार हवा आणि दुपारी वर जायला असं काही, जिथे स्की न घालता बसता येतं. फ्रान्सच्या टीन्यमध्ये डोंगराच्या पोटातून ३,०३२ मीटरवर नेणारी रेल्वे आहे. खुर्चीच्या लिफ्टपेक्षा माझ्या गुडघ्याला ती परवडते. तेव्हा पॅकेज कुठलंही घ्या, पण माझ्या नावावर महाग ठिकाण घेऊ नका. आणि फोंडेकारा, मनालीच्या भांडणातला एक तूच होतास, तेही इथे लिही.