दहावीचे टक्के: नोकरीत नडतात, पीएचडीला नाही

'दहावीचे टक्के पुढे कुणी विचारत नाही' असं बरेचदा म्हटलं जातं. नोकरीच्या बाबतीत ते अजिबात पटत नाही. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच आयटी कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे 60 टक्के मागतात. मला दहावीला 57.40 होते. परीक्षेच्या तोंडावर कावीळ झाली होती, पण ते कुठल्या रकान्यात लिहिणार? इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास असूनही प्लेसमेंटच्या यादीत माझ्या नावापुढे 'अपात्र' लिहिलेलं. लेखी परीक्षेलाही बसू दिलं नाही. फार लागलं होतं ते.

पीएचडीचं मात्र वेगळं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीवरून प्रवेश घ्यायचा तर तिथे 55 टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट). शाळेच्या गुणांची अटच नाही. 2024 पासून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) न मिळालेल्यांनाही नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश घेता येतो: 70 टक्के भार नेटला, 30 मुलाखतीला. माझ्या मुलाखतीत दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेपुरतं उघडलं गेलं. पुढचा अर्धा तास सगळे प्रश्न एमटेकच्या प्रबंधावरच होते.