मुरायला किती वर्षं लागतात? (ख्रिस्ती जीवनातले तुमचे अनुभव लिहा)

शाळामास्तर, सात रस्ता

जय ख्रिस्त मंडळी. यंदा उपवासकाळात चाळीस दिवस चहा सोडला. ईस्टरची उपासना संपवून घरी आलो आणि तासाभरात तीन कप प्यायलो. चहा सुटला होता, चिडचिड नाही. ती वाढलीच होती, हवं तर वर्गातल्या पोरांना विचारा. पन्नाशी आली, संडे स्कूलपासून चर्चमध्ये आहे, पण लोणचं बरणीत आहे आणि फोड अजून कच्चीच, अशी गत. तुम्ही आत उतरलात ते कधी, कशाने? बायबलची वचनं नकोत, ती पाठ आहेत. घडलेलं लिहा.

रिटायर मागवाला

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर ३१ वर्षं काढली. पाळीआधी बायबलातलं स्तोत्र ११९ वाचायचो. १७६ वचनं, आठ-आठचे २२ भाग. पाळकसाहेबांनी सांगितलेलं की हिब्रूत एका भागातली आठही वचनं एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून वर आलेफ, बेथ, गिमेल असं लिहिलेलं असतं. रोज एक भाग. बाविसाव्या दिवशी संपलं की परत आलेफ. पहिली दोन-तीन वर्षं काही म्हणजे काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही, पण एखादं वचन तोंडात घोळवता येतं. मन भरकटायचंच. पोरीची फी, मुकादमाचं तोंड. एकदा ताण्यातली तार, म्हणजे उभा धागा, तुटली. माग थांबवला, टोक शोधलं, गाठ मारली, माग सुरू. हे पाळीत कितीतरी वेळा व्हायचं आणि त्यासाठी मी कधी स्वतःला शिव्या दिल्या नव्हत्या. प्रार्थनेत मन तुटलं की मात्र द्यायचो. त्या दिवसापासून तिथंही नुसती गाठ मारतो.

आईची धाकटी

मास्तर, माझा अनुभव गोड नाही. आई आजारी असताना एका प्रार्थनासभेत मला सांगितलं गेलं की घरात विश्वास कमी पडतोय. सगळे हात वर करून रडत होते, मला रडूही येईना. आई गेली. नंतर आठ महिने मी चर्चला जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि गीत लागलं की ओठ नुसते हलवायचे.

मग स्तोत्र ८८ सापडलं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, देवाची स्तुती करतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. आणि तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही! रोज रात्री तेवढंच वाचायचे. देवाशी माझं पहिलं खरं बोलणं ते. त्याआधी तीस वर्षं बोलत होते ते पाळकांच्या आवाजात.

पुण्याला अप-डाऊन

थोडक्यात लिहितो. गाडी केडगाव सोडते तेव्हा दरवेळी तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई आठवतात. साध्या बायकांना कळावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं त्यांनी. १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. त्यांच्या कष्टाचा विचार केला आणि मोबाईल खिशात ठेवून दौंड येईपर्यंत एक अध्याय नीट वाचू लागलो. बस, एवढंच.

विजापूर रोडची सून

मार्था आणि मरीयेवरचा उपदेश झाला की माझं डोकं फिरतं. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात राहिली, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, आणि कौतुक मरीयेचं. मरीयेने पायाशी बसायचं आणि भाकरी कोण थापणार? सासूबाईंना हे बोलले तर म्हणाल्या, "पाणी भरतीस तवा काय करतीस गं?"

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी, तेही रात्री दोन-तीनला. पाईपला हात लावून बसायचं. आधी हवा फुसफुसते, मग गुळगुळ, मग गढूळ धार, ती सोडून द्यायची, मग भांडी लावायची. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं तोंडपाठ. त्या अंधारात हळू म्हणत बसायच्या, मी मोबाईल बघत. एका रात्री मोबाईल चार्ज नव्हता म्हणून त्यांच्यासोबत म्हटलं. पुढच्या पाण्याला मुद्दाम घरात ठेवला. आता त्या नाहीत. मी एकटीच म्हणते. जावेशी तीन वर्षं अबोला होता, तो तिथंच, तिसऱ्या पिंपाला सुटला. सकाळी मीच फोन केला. कसा सुटला ते मला सांगता येणार नाही.

शाळामास्तर, सात रस्ता

सगळ्यांचं दोनदा वाचलं. धाकटीताई, तुमचं तीनदा. आमच्याकडं पाणी बायकोच भरते, मी झोपलेला असतो, हे आज पहिल्यांदा लिहिताना लाज वाटली. परवा पाण्याची पाळी आहे. तिला सांगितलं, तू झोप, मी बसतो. ती म्हणाली, "बसा, पण गढूळ पाणी पिंपात घेऊ नका."